पाहुण्यांसाठी वायफायची पाटी : यजमानाचा लेखी शब्द

शेतकऱ्याच्या घरी पाहुणा आला म्हणजे त्याला पाय धुण्यास पाणी द्यावे, हातावर गुळाचा खडा ठेवावा आणि मग ख्यालीखुशाली विचारावी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. शेतावर चार दिवस राहावयास येणाऱ्या शहरी कुटुंबाचे स्वागत आजही पुष्कळ ठिकाणी असेच होते. तथापि पाणी पिऊन होते न होते तोच पाहुण्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो : "येथे वायफाय आहे का? त्याचा परवलीचा शब्द काय?"

हा प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर बहुतेक घरांत साधेपणाने मिळत नाही. परवलीचा शब्द कोठे राऊटरच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतो, कोठे दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने टिपलेला असतो, तर कोठे तो केवळ घरच्या मुलाला ठाऊक असतो आणि मुलगा शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी गेलेला असतो. परिणामी पाहुणा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो. दहा माणसांचा स्वयंपाक उरकीत असलेली गृहिणी हात पुसून उठते आणि एकेक अक्षर सांगू लागते. मोठे की लहान, शून्य की 'ओ', यावर दोघांचाही खोळंबा होतो. थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीतील पाहुणा तेच विचारावयास येतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. पर्यटन विकास महामंडळाची 'न्याहरी व निवास' योजना त्याआधीपासूनच अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. शेतीच्या उत्पन्नाला जोड म्हणून घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देणारे शेतकरी आज सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंस आढळतात. खोली, अंथरूण, जेवण आणि स्वच्छतागृह यांविषयी त्यांना सल्ला मिळतो. वायफायच्या पाटीविषयी मात्र कोणी बोलत नाही, कारण ते किरकोळ काम समजले जाते. ही समजूत चुकीची आहे. पाटी म्हणजे भिंतीवरील शोभेची वस्तू नव्हे. यजमानाने पाहुण्यास दिलेला तो लेखी शब्द होय. हा शब्द खरा असावा, तो दिल्याने घराला धोका पोहोचू नये, आणि अडीअडचणीच्या वेळी तो पाहुण्याच्या कामी यावा. या तीन कसोट्यांना उतरेल तीच पाटी चांगली.

"लोक शांततेसाठी येतात, मग वायफाय कशाला?"

असा आक्षेप काही जाणते शेतकरी घेतात आणि तो अगदीच निराधार नाही. शहरातील माणसाने गोठा पाहावा, भात लावणीत पाय बुडवावेत, रात्री आकाशातील तारे पाहावेत, यासाठीच तो येतो. येथे येऊनही त्याने मोबाइलच्या पडद्यात डोके खुपसले तर शेतावर येण्याचा हेतू वाया जातो, हे खरे आहे.

परंतु मोबाइल बाजूला ठेवावा की नाही, हा निर्णय पाहुण्याचा आहे. घरी आजारी आईला ठेवून आलेल्या लेकीस रात्री एकदा तिचा आवाज ऐकावयाचा असतो. एखाद्यास दोन तास कचेरीचे काम केल्याशिवाय तिसऱ्या दिवशी राहणेच शक्य नसते. शिवाय डोंगराच्या कुशीतील पुष्कळ वाड्यांवर मोबाइलचा सिग्नल क्षीण असतो. आपल्या देशात २०१९ च्या अखेरीपासून वायफायवरून नेहमीचे दूरध्वनी करण्याची सोय सुरू झाली. ज्या घरात मोबाइलची दांडी दिसत नाही तेथे या सोयीमुळे नेहमीच्याच क्रमांकावरून बोलता येते, मात्र ती मोबाइलच्या सेटिंगमध्ये आधी चालू करावी लागते. पाटीवर एवढी एक ओळ असली तरी पुष्कळ पाहुण्यांची सोय होते.

तरीही एखाद्या शेतकऱ्याने वायफाय न ठेवण्याचे ठरविले तर त्यात कमीपणा नाही. मात्र त्यानेही पाटी लावावी आणि नोंदणीच्या वेळीच पाहुण्यास सांगावे : "येथे वायफाय नाही. मोबाइलचा सिग्नल विहिरीजवळच्या उंचवट्यावर मिळतो." वायफाय नसल्याने पाहुणा जितका रागावतो त्याहून अधिक तो 'आहे' म्हणून सांगितलेले न मिळाल्याने रागावतो.

शब्द खरा असावा

जाहिरातीत 'वायफाय उपलब्ध' असे दोन शब्द घालणे सोपे असते. प्रत्यक्षात राऊटर ओटीवर असतो आणि पाहुण्यांची खोली परसदारी असते. मध्ये जांभ्या दगडाच्या दोन जाड भिंती असतात. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण त्या लांब जात नाहीत आणि भिंतीने लवकर अडतात. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांचाही अडथळा होतो. म्हणून पाटी लिहिण्यापूर्वी घरातील एकाने मोबाइल हातात घेऊन ओटी, पडवी, प्रत्येक खोली, अंगण आणि बाग येथे फिरून पाहावे. कोठे जोडणी मिळते आणि कोठे तुटते याची कागदावर नोंद करावी. या कामास अर्धा तास पुरतो.

मग जे आढळले तेच पाटीवर लिहावे. "ओटी व पहिली खोली येथे चांगले चालते. मागच्या खोलीत संदेश जातात, चित्रपट पाहता येणार नाही. आमराईत मिळणार नाही." अशा ओळीमुळे पाहुणे नाराज होतील, अशी भीती बाळगू नये. ज्याला काम करावयाचे आहे तो ओटीवर येऊन बसतो आणि ज्याला निवांतपणा हवा तो आमराईत जातो. प्रत्येकास आपापली जागा कळते.

वेगाबाबतही हाच न्याय लावावा. जोडणी ३० मेगाबिटची असेल आणि दहा माणसे एकाच वेळी चित्रफिती पाहू लागली तर प्रत्येकाच्या वाट्यास सरासरीने ३ मेगाबिटच येणार. पाटाचे पाणी जेवढे, तेवढेच सर्व वाफ्यांना वाटून मिळते, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. 'अतिवेगवान' असा शब्द पाटीवर लिहू नये. पावसाळ्यात वीज गेली म्हणजे वायफायही जाते, हे स्पष्ट लिहावे. तारेची जोडणी शाबूत असेल तर केवळ राऊटर चालविण्यापुरती छोटी बॅटरी बसवून काही तास निभावता येतात. हा खर्च मोठ्या इन्व्हर्टरच्या मानाने पुष्कळच कमी आहे.

ओटी पाहुण्यांची, माजघर घरचे

जुन्या घरांच्या रचनेत एक शहाणपण होते. पाहुण्याची उठबस ओटीवर आणि पडवीत होई. माजघरात घरची माणसे वावरत, आणि धान्याची कणगी व दागिन्यांचा डबा त्याही पलीकडे असे. पाहुण्याचा आदर राखूनच ही मर्यादा पाळली जाई.

वायफायच्या बाबतीत ही मर्यादा पुष्कळ घरांत उरलेली नाही. घरचा मोबाइल, ज्यात बँकेचे व्यवहार चालतात, मुलांचा संगणक, गोठ्यावरील कॅमेरा आणि काही ठिकाणी विहिरीच्या पंपाचा स्वयंचलित स्टार्टर, ही सर्व साधने एकाच जोडणीवर असतात आणि त्याच जोडणीचा परवलीचा शब्द प्रत्येक पाहुण्याच्या हाती दिला जातो. पाहुणे बहुधा सज्जनच असतात. परंतु एखाद्याच्या संगणकात त्याच्या नकळत शिरलेला बिघाड त्या जोडणीवरील इतर साधनांपर्यंत पोहोचू शकतो. मोबाइलमध्ये एकदा भरलेला परवलीचा शब्द पाहुणा परत गेल्यावरही त्यात राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

यावर उपाय सोपा आहे आणि बहुधा त्यास वेगळा पैसा लागत नाही. आजच्या बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क उघडण्याची सोय असते. त्याचे नाव निराळे, परवलीचा शब्द निराळा, आणि त्यावरील माणसास इंटरनेट मिळते, परंतु घरच्या साधनांकडे जाण्याची वाट मिळत नाही. हीच पाहुण्यांची ओटी होय. पाटीवर केवळ या नेटवर्कचे नाव असावे. घरच्या नेटवर्कचा शब्द पाटीवर तर नकोच, पण तोंडीही कोणास सांगू नये. राऊटर आला त्या वेळी कंपनीने त्याच्या व्यवस्थेसाठी घालून दिलेला मूळ शब्दही बदलावा. तो तसाच ठेवणे म्हणजे नव्या दाराला कुलूप लावून किल्ली चौकटीत अडकवून ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. जोडणी ज्याच्या नावाने आहे त्याच्या दारीच, तिच्यावरून झालेल्या गैरकृत्याची चौकशी प्रथम येते. म्हणून पाहुण्यांच्या नावांची व ओळखपत्रांची नोंदवही नीट ठेवावी आणि वायफाय रस्त्यावरील येणाऱ्या-जाणाऱ्यास बिनशब्द मोकळे सोडू नये. जोडणी घेताना ती पाहुण्यांच्या वापरासाठी चालेल का, हेही सेवा देणाऱ्या कंपनीस विचारून घ्यावे.

परवलीचा शब्द कसा निवडावा

सर्वांत सोयीचा म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांक परवलीचा शब्द म्हणून ठेवण्याची सवय गावोगाव दिसते. हा क्रमांक दारावरच्या फलकावर आणि जाहिरातीतही असतो. जो सर्वांना ठाऊक आहे तो परवलीचा शब्द कसला? मुलाचे नाव व त्यापुढे जन्मसाल, किंवा घराचे नाव व त्यापुढे एक-दोन-तीन, हेही तितकेच निरुपयोगी आहे.

आज सर्वत्र प्रचलित असलेल्या सुरक्षापद्धतीत शब्द किमान आठ अक्षरांचा असावाच लागतो. बारा ते सोळा अक्षरांचा असल्यास उत्तम. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार साधे शब्द लहान रोमन अक्षरांत सलग लिहिले तर ते ओळखण्यास कठीण आणि भरण्यास सोपे होतात. शब्द निवडताना ज्याचे रोमन लेखन एकाच रीतीने होते तोच घ्यावा. 'कोकम' या शब्दातील दुसरा स्वर कोणी 'ए' घालून लिहितो तर कोणी 'यू' घालून. असे शब्द टाळावेत. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' ही दिसण्यात सारखी असलेली अक्षरेही टाळावीत. मोबाइल पुष्कळदा पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, म्हणून "सर्व अक्षरे लहान, मध्ये जागा नाही" अशी सूचना शब्दाखाली लिहावी.

प्रत्येक पाहुण्यागणिक शब्द बदलणे शेतकरी कुटुंबास झेपणारे नाही आणि तेवढी गरजही नाही. पाहुण्यांच्या प्रत्येक हंगामापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, तो बदलावा. शब्द फुटल्याचा संशय आल्यास लगेच बदलावा. यासाठी पाटीवरील तेवढा भाग बदलता येईल अशा चिठ्ठीवर असावा, म्हणजे दर वेळी सबंध पाटी नव्याने करावी लागणार नाही.

चौकटीच्या चिन्हाचा उपयोग व धोका

क्यूआर कोड या नावाने ओळखले जाणारे काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चिन्ह आता भाजीवाल्याच्या गाडीवरही दिसते. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने ते १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केले. त्यात वायफायचे नाव व परवलीचा शब्द दोन्ही साठविता येतात. पाहुण्याने मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की एकही अक्षर न भरता जोडणी होते. ज्यांना लहान अक्षरे दिसत नाहीत अशा वृद्धांस ही मोठी सोय आहे.

हे चिन्ह करण्यासाठी कोणास पैसे देण्याचे कारण नाही. अँड्रॉइडच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत, ज्या नेटवर्कशी मोबाइल जोडला आहे त्याचे चिन्ह सेटिंगमधूनच पडद्यावर आणता येते. त्याचे चित्र घेऊन ते छापावे. इंटरनेटवर अशी चिन्हे करून देणारी अनेक ठिकाणे आहेत, परंतु अनोळखी ठिकाणी परवलीचा शब्द भरणे म्हणजे तो परक्याच्या हाती देणे होय. त्यांतील काही ठिकाणची चिन्हे मुदत संपल्यावर चालेनाशी होतात आणि मग पैशाची मागणी होते.

छापताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात. चिन्ह पांढऱ्यावर काळे असावे. त्याच्या चारही बाजूंस कोरी जागा सोडावी. सुशोभनासाठी त्यावर नक्षी काढू नये. किती अंतरावरून ते वाचावयाचे त्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी त्याची रुंदी असावी. म्हणजे एक मीटरवरून वाचण्यासाठी दहा सेंटिमीटर. चिन्हाचा थोडा भाग मळला वा फाटला तरी ते वाचले जाते, कारण तशी तजवीज त्याच्या रचनेतच असते. परंतु कोकणातील पावसाळ्यात उघडा कागद महिनाभरात बुरसतो, म्हणून त्यास प्लॅस्टिकचे आवरण घालावे. हे आवरण चकचकीत नसावे, नाहीतर दिव्याचा प्रकाश परावर्तित होऊन कॅमेऱ्यास चिन्ह दिसत नाही.

येथे दोन धोके ध्यानात ठेवावेत. पहिला असा की पैसे भरण्याचे चिन्हही याच रूपाचे असते. दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी लावल्यास पाहुण्याचा घोटाळा होतो. म्हणून वायफायचे चिन्ह खोलीत आणि पैशाचे चिन्ह हिशेबाच्या जागी, असे वेगळे ठेवावे आणि प्रत्येकाच्या वर ते कशाचे आहे हे ठळक लिहावे. खऱ्या चिन्हावर दुसरे चिन्ह चिकटवून लोकांना फसविण्याचे प्रकार होतात, म्हणून खोली आवरताना पाटीवरून एकदा हात फिरवून पाहावा. दुसरा धोका असा की चिन्हात परवलीचा शब्द उघडपणेच साठविलेला असतो. खोलीचे छायाचित्र जाहिरातीत देताना त्यात पाटी दिसत असेल तर तो शब्द साऱ्या जगास कळतो. छायाचित्र घेण्यापूर्वी पाटी काढून ठेवावी.

चिन्ह लावले म्हणून अक्षरे गाळू नयेत. संगणकावर काम करणाऱ्यास अक्षरेच लागतात आणि जुन्या मोबाइलला चिन्ह वाचता येत नाही.

पाटी कोठे आणि कोणत्या भाषेत

पाटी घराबाहेरील भिंतीवर, फाटकावर किंवा रस्त्यावरून दिसेल अशा खिडकीत लावू नये. प्रत्येक खोलीत दाराच्या आतील बाजूस किंवा मेजाजवळ, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ती असावी. परवलीच्या शब्दाची अक्षरे किमान एक सेंटिमीटर उंचीची असावीत. नेटवर्कचे नाव व परवलीचा शब्द रोमन अक्षरांत, जसे भरावयाचे तसेच लिहावेत. देवनागरीत ठेवलेले नेटवर्कचे नाव काही जुन्या साधनांवर नीट उमटत नाही.

बाकीचा मजकूर मात्र प्रथम मराठीत असावा आणि त्याखाली गरजेप्रमाणे हिंदी व इंग्रजी द्यावी. पाहुणे शहरचे आहेत म्हणून पाटी केवळ इंग्रजीत लिहिण्याची प्रथा पडत आहे. ती योग्य नव्हे. पाटी पाहुण्याइतकीच घरच्या माणसांनाही वाचता आली पाहिजे, कारण पाहुण्याने शंका विचारल्यास उत्तर देणारी गृहिणी किंवा गडीमाणूसच असतो.

मजकुराचा एक नमुना पुढीलप्रमाणे :

"पाहुण्यांसाठी वायफाय.
नेटवर्कचे नाव : (रोमन अक्षरांत लिहावे.)
परवलीचा शब्द : (रोमन अक्षरांत लिहावा.) सर्व अक्षरे लहान, मध्ये जागा नाही.
ओटीवर व या खोलीत चालते. बागेत चालत नाही.
वीज गेल्यास सुमारे तीन तास चालते. विजा कडाडू लागल्यास राऊटर बंद केला जातो.
मोबाइलचा सिग्नल नसल्यास सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करावे.
रात्री दहानंतर ओटीवर मोठ्याने बोलू नये, घरची माणसे पहाटे उठतात.
हे ठिकाण : घराचे नाव, वाडी, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, जवळची खूण.
यजमानाचा क्रमांक. जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक. रुग्णवाहिका १०८. आणीबाणी ११२."

प्रत्येकाने यात आपल्या घराप्रमाणे बदल करावा. बॅटरी नसेल तर तीन तासांची ओळ गाळावी. खरे नाही ते लिहू नये, एवढाच नियम.

अडीअडचणीच्या ओळी

नमुन्यातील शेवटच्या दोन ओळी कोणास अनावश्यक वाटतील. वास्तविक सबंध पाटीत त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत. शहरातून रात्री गाडीने आलेल्या पाहुण्यास आपण नेमके कोठे आहोत हे सांगता येत नाही. वाडीचे नाव त्याने ऐकलेले नसते आणि तालुका कोणता याची त्याला खात्री नसते. शेतावर विंचू वा साप चावण्याचा प्रसंग येऊ शकतो. यजमान त्या वेळी बाजारास गेलेला असू शकतो. अशा वेळी रुग्णवाहिकेस पत्ता सांगण्यात गेलेली दहा मिनिटे कोणाच्या तरी जिवावर बेततात. वायफायचा परवलीचा शब्द पाहण्यासाठी प्रत्येक पाहुणा पाटीपाशी किमान एकदा येतोच. भिंतीवरील दुसरा कोणताही कागद इतक्या खात्रीने वाचला जात नाही. म्हणूनच पत्ता व क्रमांक यांची जागा येथेच आहे.

वायफायवरून १०८ वा ११२ हे क्रमांक प्रत्येक मोबाइलवर लागतीलच असे धरून चालू नये. यासाठी जवळच्या आरोग्य केंद्राचा सरळ क्रमांक द्यावा, सर्पदंशावरील प्रतिविष तेथे आहे की ग्रामीण रुग्णालयात जावे लागेल हे आधी विचारून ठेवावे, आणि मोबाइलचा सिग्नल घराभोवती कोठे मिळतो ती जागाही लिहावी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर या परिसरात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब पडले आणि संपर्काची साधने बंद पडली. पुष्कळ गावांत वीज येण्यास कित्येक दिवस लागले. अशा वेळी वायफाय, मोबाइल आणि चौकटीचे चिन्ह यांपैकी काहीच चालत नाही. भिंतीवर छापलेली अक्षरे मात्र वाचता येतात. पाटीवर शेवटी एक ओळ अशी असावी की सर्व संपर्क बंद पडल्यास पाहुण्यांनी कोठे जमावे आणि गावातील पक्की इमारत कोणती. जे केवळ पडद्यावर आहे ते वादळात हरवते. जे कागदावर आहे ते हाताशी राहते.

विजांचा धोका तर दरवर्षीचाच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. शेतात फिरावयास जाणाऱ्या पाहुण्याने ते मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे, असे पावसाळ्याच्या तोंडी पाटीवर सुचविणे उपयुक्त ठरेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ही कामे अवघड नाहीत, परंतु ती कोणीतरी शेजारी बसून एकदा करून दाखवावी लागतात. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क उघडणे हे वीस मिनिटांचे काम आहे, पण राऊटरची व्यवस्था इंग्रजीत असल्याने शेतकरी त्यास हात लावण्यास कचरतो. कार्यकर्त्याने ते स्वतः करून मोकळे होऊ नये. घरच्या सुनेस किंवा मुलीस बसवून तिच्या हातून करवून घ्यावे, कारण पुढील हंगामात शब्द तिलाच बदलावा लागणार आहे. परवलीचे शब्द त्याने आपल्या वहीत टिपून घेऊ नयेत, हेही तितकेच अगत्याचे आहे.

गावात पाच-सात घरे पाहुणे ठेवणारी असतील तर महिला बचत गटाने पाट्या छापून व आवरण घालून देण्याचे काम घ्यावे. आरोग्य केंद्राचा क्रमांक, पक्की इमारत आणि गावाचा पत्ता हा मजकूर सर्व घरांस समान असतो. परवलीच्या शब्दाची चिठ्ठी मात्र ज्याची त्याने घरी भरावी. वर्षातून एकदा, मृग नक्षत्रापूर्वी, सर्व क्रमांक लावून पाहावेत. बदललेला क्रमांक पाटीवर तसाच राहणे हे क्रमांक नसण्यापेक्षा वाईट, कारण तो ऐन वेळी फसवितो.

खत, बियाणे आणि बाजारभाव यांपुढे भिंतीवरच्या पाटीची कथा ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु पाहुणा एकदा फसला तर तो पुन्हा येत नाही, शिवाय आपला अनुभव चारचौघांत आणि इंटरनेटवर सांगतो. त्याचा फटका एका घरास न बसता सबंध गावास बसतो. उलटपक्षी, जे सांगितले तेच मिळाले आणि संकटात काय करावे हे भिंतीवर लिहिलेले होते, एवढी आठवण घेऊन तो गेला तर पुढील वर्षी तो आणखी दोन कुटुंबे घेऊन येतो. गुळाचा खडा हातावर ठेवण्याची रीत चालूच राहावी. तिच्या जोडीला खोलीच्या दाराआड एक स्वच्छ, खरी आणि वाचता येण्याजोगी पाटी असावी, आणि स्वयंपाकघरातील गृहिणीस हात पुसून उठावे लागू नये.